परिमेय की अपरिमेय? पुन्हा पुन्हा चुकणारं वर्गीकरण, आणि वजा चिन्ह आलं की होणारा गोंधळ

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात आणि आठवीच्या पोट्ट्यांसमोर गणिताचा पहिलाच धडा येतो तो परिमेय व अपरिमेय संख्यांचा. नववीत तोच विषय ‘वास्तव संख्या’ या नावाने परत भेटतो. घटक चाचणी झाली की नागपुरातल्या आमच्या धरमपेठेतल्या शिकवणीत तीच तक्रार येते. व्याख्या पाठ आहे, पोरगी घडाघडा म्हणून दाखवते, पण ‘खालीलपैकी परिमेय संख्या कोणत्या’ हा प्रश्न आला की निम्मी उत्तरं चुकतात. एक चूक समजावून सांगितली तर पुढच्या आठवड्यात तीच चूक वजा चिन्ह लावून परत हजर.

वह्यांमध्ये सापडणारी उत्तरं साधारण अशी असतात. −५ अपरिमेय, कारण ‘मायनस आहे तं रॅशनल कशी होईन?’ −√९ अपरिमेय, कारण मूळचिन्ह आहे आणि वजाही आहे, म्हणजे दुप्पट अपरिमेय. १/१७ अपरिमेय, कारण कॅल्क्युलेटरवर आकडे संपतच नाहीत. √०.९ परिमेय, कारण ते म्हणे ०.३ आहे. आणि २२/७ अपरिमेय, कारण ती म्हणजेच पाय (π). या शेवटच्या उत्तरावर तर घरची मोठी माणसंही शिकवणाऱ्याशी भांडतात.

या सगळ्यांचं मूळ एकच आहे. पोरं संख्या बघत नाहीत, तिचा पोशाख बघतात. √ दिसलं, वजा दिसलं, दशांश चिन्हामागे लांब शेपूट दिसलं की लगेच निकाल. पण संख्या परिमेय आहे की नाही हे ती कशी लिहिली आहे यावर ठरत नाही. दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात ती लिहिता येते का, एवढंच बघायचं. अंशात पूर्णांक, छेदात पूर्णांक, आणि छेद शून्य नाही. आत्ता तशी लिहिलेली असायलाच हवी असं नाही, लिहिता आली पाहिजे. १.५/२.५ मध्ये वर-खाली दोन्हीकडे दशांश आहेत, तरी ती ३/५ आहे, म्हणून परिमेय. उलट √२/१ हे ‘अंश भागिले छेद’ असं दिसतं खरं, पण अंशात पूर्णांकच नाही. ‘सर, √२ ला खाली एक लिहून दिला, झाली ना रॅशनल?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. नाही झाली बाप्पा.

तपासायचा क्रम ठरवून घेतला की बहुतेक चुका जागच्या जागी थांबतात. आधी वजा चिन्ह बाजूला काढायचं, मग उरलेलं सोपं करायचं, आणि निकाल सगळ्यात शेवटी. मुलं नेमकं उलट करतात, निकाल आधी देतात.

वजा चिन्ह आलं की उत्तर बदलतं

चुकांमध्ये ही सगळ्यात चिवट, म्हणून आधी हिचाच बंदोबस्त करू. संख्येच्या पुढे वजा लावल्याने परिमेय संख्या अपरिमेय होत नाही आणि अपरिमेय संख्या परिमेय होत नाही. कारण एका ओळीचं आहे. एखादी संख्या म/न अशी लिहिता येत असेल तर तिची विरुद्ध संख्या (−म)/न अशी लिहिता येते, आणि −म हाही पूर्णांकच आहे. उलट दिशेनेही तेच. −√७ परिमेय असती, तर तिचं चिन्ह बदलून मिळणारी √७ परिमेय ठरली असती. ती नाही, म्हणून हीसुद्धा नाही.

ज्यांना हे कागदावर पटत नाही त्यांना मी झीरो माईलच्या दगडापाशी उभं करतो, अर्थात मनातल्या मनात. तो स्तंभ म्हणजे शून्य समजा. वर्धा रोडने √२ किलोमीटर गेलात की तुम्ही √२ वर आणि कामठी रोडने तेवढंच गेलात की −√२ वर. दिशा बदलली, अंतर तेच राहिलं, आणि प्रश्न त्या अंतराचाच आहे. संख्यारेषेवर शून्याच्या उजवीकडे जे आहे त्याचं हुबेहूब प्रतिबिंब डावीकडे असतं: परिमेयसमोर परिमेय, अपरिमेयसमोर अपरिमेय.

तेव्हा वहीत सवय लावा. −√११, −०.७५, −८/३ असं काही दिसलं की वजा चिन्हावर पेन्सिलने बोट ठेवल्यासारखी एक हलकी खूण करा आणि फक्त √११, ०.७५, ८/३ तपासा. निकाल लागला की खूण पुसा. उत्तर तेच राहतं.

वजा चिन्ह कुठे बसलंय यावरूनही गडबड होते, पण ती किरकोळ आहे. −३/४, ३/(−४) आणि −(३/४) या तिन्ही एकच. (−३)/(−४) म्हणजे ३/४. छेदात वजा दिसला तर तो वर घ्या आणि पुढे चला. शून्याबद्दल कुणी विचारलं तर ०/१ लिहून दाखवा, विषय संपला.

वजा चिन्ह √ च्या बाहेर की आत?

वजाने परिमेयता बदलत नाही असं आत्ताच म्हटलं, आणि इथे नेमकी त्याच वाक्याची ढाल करून मुलं चुकतात. ते वाक्य संख्येच्या पुढे लावलेल्या वजाबद्दल होतं. मूळचिन्हाच्या आत शिरलेला वजा हे वेगळंच प्रकरण आहे.

−√९ मध्ये आधी ९ चं वर्गमूळ ३, मग वजा, म्हणजे −३. परिमेय. √(−९) मध्ये मात्र अशी संख्या शोधायची की जिचा वर्ग −९ आहे. ३ चा वर्ग ९, −३ चा वर्गही ९. संख्यारेषेवर कुठेही अशी संख्या सापडत नाही. म्हणून √(−९) परिमेयही नाही आणि अपरिमेयही नाही, कारण ती वास्तव, म्हणजे संख्यारेषेवरची, संख्याच नाही. परिमेय-अपरिमेय ही वाटणी वास्तव संख्यांपुरतीच असते. बारा खोल्यांच्या वाड्यात कोणती खोली कोणाची हे ठरवताना वाड्याबाहेरच्या माणसाचं नाव यादीत येत नाही, तसं काही समजावत बसू नका. सरळ ‘वास्तव संख्या नाही’ असं लिहायला लावा.

ऋण संख्यांचे हिशेब आपल्याकडे फार जुने आहेत. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले. पुढे ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात स्पष्ट सांगितलं की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कोणाचा वर्गच नसते. आठवीच्या पोराला हेच कारण द्यायचं. काल्पनिक संख्यांचं नाव घेऊन त्याला घाबरवण्याची गरज नाही, ते अकरावीत येईलच.

घनमुळाला ही अडचण येत नाही. −२ × −२ × −२ = −८, म्हणून ∛(−८) = −२, परिमेय. इथे वजा आतून सरळ बाहेर काढता येतो: ∛(−८) म्हणजे −∛८. त्याच न्यायाने ∛(−९) ही वास्तव संख्या आहे, पण ∛९ अपरिमेय असल्यामुळे तीही अपरिमेय. मुलं √९ च्या सवयीने ∛९ ला परिमेय म्हणून मोकळी होतात. मूळचिन्हाच्या कोपऱ्यातला तो बारीक ३ आधी वाचायचा.

आणखी एक फसवा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत दिसतो: √((−५)²). आत वजा दिसला म्हणून ‘वास्तव नाही’ असं लिहून मुलं मोकळी होतात. पण कंसाचा वर्ग आधी, तो २५, त्याचं मूळ ५. आणि ते −५ सुद्धा नाही, कारण √ हे चिन्ह धन मुळासाठीच वापरतात.

√ दिसलं म्हणजे अपरिमेय, हा समज

यावर उपाय एकच, आतल्या संख्येचे मूळ अवयव पाडा. प्रत्येक अवयवाचा घात सम असेल तर वर्गमूळ पूर्णांक येतं. एकाचाही घात विषम असेल तर वर्गमूळ अपरिमेय. १२२५ = ५² × ७², दोन्ही घात सम, √१२२५ = ३५. ७२ = २³ × ३², २ चा घात विषम, म्हणून √७२ अपरिमेय. (घनमुळासाठी घात ३ ने भागला जातो का ते बघायचं. म्हणून ६४ दोन्हीकडे पास होते: √६४ = ८ आणि ∛६४ = ४.)

हा नियम नुसता पाठ करायला देऊ नका, कारणासकट द्या. कारण छोटं आहे आणि नववीच्या √२ च्या सिद्धतेपेक्षा लवकर पचतं, असं माझं मत. समजा √७२ = म/न, म आणि न पूर्णांक. वर्ग केला की म² = ७२ × न². डावीकडे पूर्ण वर्ग आहे, म्हणून त्यात २ हा अवयव सम वेळा येणार. उजवीकडे न² मधले २ सम, त्यात ७२ मधले तीन मिळवा, एकूण विषम. एकच संख्या, तिच्यातले २ डावीकडून मोजले तर सम आणि उजवीकडून मोजले तर विषम. असं होऊच शकत नाही, म्हणून असे म आणि न मिळणारच नाहीत. √२, √३, √५०, ज्याला लावायची त्याला ही युक्ती लावा.

आत अपूर्णांक असेल तर आधी त्याला अतिसंक्षिप्त रूपात आणा. √(१२/२७) कडे बघून १२ पूर्ण वर्ग नाही, २७ पूर्ण वर्ग नाही, म्हणून अपरिमेय, असं उत्तर हुशार पोरं देतात. पण १२/२७ = ४/९, आणि वर्गमूळ २/३. संक्षेप केल्यानंतर अंश आणि छेद दोन्ही पूर्ण वर्ग असतील तरच परिमेय. √८/√२ चंही तसंच: एकाच मूळचिन्हाखाली घ्या, √४, म्हणजे २.

आत दशांश असेल तर? √०.९ ची चूक मी वर सांगितली. ०.३ चा वर्ग ०.०९ होतो, ०.९ नाही. ०.९ = ९/१०, आणि १० पूर्ण वर्ग नाही, म्हणून √०.९ अपरिमेय. ०.०९ = ९/१००, म्हणून √०.०९ = ०.३. हे डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका, प्रत्येक वेळी अपूर्णांक करून बघा: √६.२५ = √(६२५/१००) = २५/१० = २.५. आणि √४.९ म्हणजे √(४९/१०), ती अपरिमेय. ४९ बघितल्याबरोबर ‘सात’ म्हणून ओरडणारे पोट्टे इथे हमखास सापडतात.

कॅल्क्युलेटरवर आकडे संपत नाहीत

१ भागिले १७ करून बघा. आठ आकड्यांच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ०.०५८८२३५ एवढंच दिसतं. काही परत आलेलं दिसत नाही, म्हणून मुलं अपरिमेय लिहितात. फोनवर थोडे जास्त आकडे दिसतात, तरी आवर्तन दिसत नाही, कारण ते १६ आकड्यांचं आहे: ०५८८२३५२९४११७६४७, आणि मग पुन्हा ०५८८... स्क्रीनच तोकडी आहे, त्यात संख्येचा काय दोष? १/९७ चं आवर्तन तर ९६ आकड्यांचं आहे, ते दाखवायला वहीच्या दोन-तीन ओळी लागतील.

आवर्तन येणारच, याची खात्री स्क्रीनवर मिळत नाही, हाताने केलेल्या भागाकारात मिळते. १७ ने भागताना बाकी १ ते १६ यांपैकीच काहीतरी उरू शकते (० उरली तर भागाकार तिथेच संपला). म्हणजे फार तर सोळा वेगवेगळ्या बाक्या, त्यानंतर कोणती तरी जुनी बाकी परत येणार, आणि ती आली की पुढचे सगळे आकडे त्याच क्रमाने परत. एकदा तरी मुलाला १ ÷ १७ हाताने करायला बसवा आणि बाक्या बाजूला लिहायला सांगा: १, १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२, आणि परत १. सोळाच्या सोळा बाक्या एकेकदा येऊन जातात. हे करताना कंटाळा येतो, पण पूर्णांक भागिले पूर्णांक म्हणजे दशांश रूप एकतर खंडित (कुठेतरी संपणारं) किंवा आवर्ती (तोच गट परत परत येणारं), हे यानंतर सांगावं लागत नाही.

दोघांपैकी कोणतं, हे भागाकार न करताही कळतं. अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर खंडित, दुसरा कोणताही अवयव आला तर आवर्ती. संक्षेप आधी करायचा, हे इथेही आहेच. ६/१५ च्या छेदात ३ दिसतो, पण ती २/५ आहे, म्हणजे ०.४.

स्क्रीनची उलट फसवणूकही असते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या जुन्या ग्रंथात, चौरसाच्या कर्णासाठी एक कृती दिली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. १ + १/३ + १/१२ − १/४०८ म्हणजे ५७७/४०८. भागाकार केला तर १.४१४२१५६..., आणि √२ आहे १.४१४२१३५... दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत दोघी सारख्या. पाचच आकडे दाखवणाऱ्या यंत्राला यांतली परिमेय कोण आणि अपरिमेय कोण हे सांगताच येणार नाही. पण ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. फक्त एकाचा फरक! तेवढा फरक भरून काढणारे दोन पूर्णांक कुठेच नाहीत, हे वरच्या अवयवांच्या युक्तीने आधीच ठरलं आहे.

तेव्हा वर्गीकरणाचा प्रश्न सोडवताना कॅल्क्युलेटर दप्तरात ठेवा. आणि सराव प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती: ‘१.७३२... ही संख्या परिमेय आहे का?’ असा प्रश्न देऊ नका. तीन टिंबांच्या पलीकडे काय आहे ते कोणाला ठाऊक? या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि तुमच्या उत्तरपत्रिकेतलं उत्तर बघून प्रामाणिकपणे विचार करणारं मूल चुकीचं ठरतं. √३ विचारायची असेल तर √३ लिहा.

टिंबांपुढचं स्पष्ट कळत असेल तर प्रश्न योग्य, आणि तिथे वेगळाच गोंधळ होतो. ०.१०१००१०००१... मध्ये दर वेळी एक शून्य वाढतं. ‘सर, याच्यात तं पॅटर्न आहे, मंग काऊन अपरिमेय?’ पॅटर्न आहे, आवर्तन नाही. एकच ठरावीक गट जसाच्या तसा पुन्हा पुन्हा यायला हवा. इथे शून्यांचा गट लांबतच जातो, म्हणून अपरिमेय. ०.१२३४५६७८९१०१११२... असे सगळे आकडे ओळीने लिहीत गेलात तरी अपरिमेयच.

ऋण आवर्ती दशांशाचा अपूर्णांक चुकतो

−२.३५३५३५... ला म/न रूपात लिहा, असा प्रश्न. वर्गीकरण बरोबर येतं, कारण आवर्तन डोळ्यांसमोर आहे. रूपांतर मात्र चुकतं. मुलं ०.३५३५... चं ३५/९९ करतात, त्यात −२ मिळवतात, आणि −१६३/९९ लिहून येतात. पण −२.३५३५... म्हणजे −(२ + ०.३५३५...). वजा दोघांनाही लागू आहे.

इथेही पहिला नियमच कामी येतो, वजा बाजूला. क्ष = २.३५३५... धरा. आवर्तन दोन आकड्यांचं, म्हणून १०० ने गुणा: १००क्ष = २३५.३५३५... वजाबाकी केली की शेपट्या कटतात, ९९क्ष = २३३, क्ष = २३३/९९. आता बाजूला ठेवलेला वजा परत लावा, −२३३/९९. ताळा म्हणून अंदाज घ्या: २३३/९९ दोनपेक्षा थोडी जास्त आहे, म्हणजे उत्तर −२ च्या डावीकडे. −१६३/९९ ही −२ च्या उजवीकडे पडते, तिथेच चूक उघडी पडते.

ज्या घरी आजोबा किंवा वडील लॉग टेबल वापरून शिकलेले आहेत तिथे ही चूक जरा जास्त वेळ टिकते, आणि त्यात त्यांचाही दोष नाही. लॉग टेबलच्या पद्धतीत २ च्या डोक्यावर आडवी रेघ आणि पुढे .३५ असं लिहिलं, तर फक्त २ ऋण असतो आणि .३५ धन, म्हणजे खरोखरच −२ + ०.३५. आवर्ती दशांशात मात्र रेघ दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर येते, आणि तिचा ऋण-धनाशी काही संबंध नाही. रेघ तीच, कामं दोन. एकदा समोरासमोर लिहून दाखवा, आजोबांनाही आणि नातवालाही.

पाय आणि २२/७

२२/७ परिमेय आहे. यात वाद घालण्यासारखं काही नाही, वर पूर्णांक आणि खाली पूर्णांक. ती ३.१४२८५७१४२८५७... अशी आवर्ती आहे, आणि पाय ३.१४१५९२... अशी जाते. तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. ३.१४ ही सुद्धा परिमेय, ३१४/१००. आर्यभटाने ४९९ मध्ये २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ सांगितला, म्हणजे गुणोत्तर ३.१४१६, आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा आहे असंही तिथेच नोंदवलं. पाय अपरिमेय आहे याची सिद्धता योहान लाम्बर्ट यांनी १७६१ मध्ये दिली. ती शाळेच्या आवाक्यातली नाही, त्यामुळे पाय अपरिमेय आहे हे शाळेत मानूनच चालायचं, आणि तसं मुलाला सांगायला काही हरकत नाही.

एक खरोखर चांगली शंका मात्र झटकून टाकू नका: ‘परीघ भागिले व्यास म्हणजे पाय, मंग तो भागाकारच झाला ना?’ भागाकार आहेच. पण परीघ आणि व्यास हे दोन्ही एकाच मापात पूर्णांक कधीच येत नाहीत. व्यास बरोबर ७ सेंटिमीटर काढलात, तर परीघ बरोबर २२ सेंटिमीटर नसतो. दोऱ्याने मोजून २२ येतो, कारण दोरा आणि पट्टी तेवढं बारीक दाखवत नाहीत.

बेरीज-गुणाकार असले की

इथे दोन गोष्टी पक्क्या आहेत आणि बाकी सगळं तपासून बघायचं. परिमेय आणि अपरिमेय यांची बेरीज किंवा वजाबाकी नेहमी अपरिमेय: −७ + √२ परिमेय असती, तर तिच्यात ७ मिळवून √२ परिमेय ठरली असती. आणि शून्य सोडून कोणत्याही परिमेय संख्येने अपरिमेयला गुणलं तर गुणाकार अपरिमेय, म्हणून −३√२ अपरिमेय.

दोन अपरिमेय एकत्र आल्या तर मात्र आधी काहीच सांगता येत नाही. √२ + (−√२) = ०. √२ × √८ = ४. (−√३)² = ३. (२ + √३)(२ − √३) = ४ − ३ = १. आणि √२ + √३ अपरिमेयच राहते. म्हणून अशा प्रश्नात आधी सोडवा, मग बोला. ‘अपरिमेय अधिक अपरिमेय बरोबर अपरिमेय’ असं एखाद्या गाईडमध्ये नियम म्हणून छापलेलं दिसलं तर त्यावर काट मारा.

तरीही चुकत असेल तर

पालकांनी मुलाला व्याख्या विचारणं बंद करावं. व्याख्या त्याला येते. त्याऐवजी खालच्या संख्या एकेक करून द्या आणि उत्तराआधी ‘काऊन?’ विचारा. कारण बरोबर आणि उत्तर चूक असेल तर तो हिशेबातला घसरडेपणा, तो सरावाने जातो. उत्तर बरोबर आणि कारण चूक असेल तर मात्र वरचा संबंधित भाग परत वाचायला लावा, कारण पुढच्या पेपरात ते उत्तरही जाणार.

−√०.०४ घ्या. वजा बाजूला, √(४/१००) = २/१०, म्हणून −०.२, परिमेय. √०.४ म्हणजे √(२/५), अपरिमेय. ∛(−१२५) = −५, परिमेय. √(−२५) वास्तव संख्या नाही. −√(१८/५०) मध्ये संक्षेप करा, ९/२५, उत्तर −३/५, परिमेय. −३.१४ परिमेय. −०.३०३००३०००३... अपरिमेय, शून्यं वाढत चालली आहेत. ४/(−१३) परिमेय, आवर्तन सहा आकड्यांचं, पण ते शोधायची गरजच नव्हती. (√५ − २)(√५ + २) = ५ − ४ = १, परिमेय.

शेवटची एक संख्या थोडी चिडवणारी आहे, पण ती मी दरवर्षी देतो: २२/७ − पाय. पोरं ‘शून्य’ म्हणतात, म्हणजे परिमेय. शून्य नाही, ती ०.००१२६४४... अशी बारीकशी धन संख्या आहे. परिमेयमधून अपरिमेय वजा केली, म्हणून अपरिमेय. आणि पाय − २२/७ विचारलं, तर वजा चिन्हावर खूण करायची आणि हेच उत्तर द्यायचं.